वाचकांचे प्रश्न : मंदावलेल्या बाजारात घर विकायला काढताना

या वेळच्या पत्रांत घरविक्रीविषयीचे प्रश्न इतके होते की संपूर्ण सदर त्याच विषयाला देणे योग्य वाटले. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : आमचे घर सात महिन्यांपासून विक्रीला आहे. सुरुवातीला दर आठवड्याला कोणी ना कोणी पाहायला येत असे. आता महिन्यातून एखादे कुटुंब येते, सगळ्या खोल्या पाहते, "कळवतो" म्हणून जाते आणि पुन्हा फोन करत नाही. आमच्या मध्यस्थांचे म्हणणे असे की स्वयंपाकघर जुने दिसते, ते नव्याने करून घ्या. खर्च मोठा आहे. करावा का?

उत्तर : माझे मत विचाराल तर करू नये, निदान लगेच तरी नाही. त्याचे कारण समजण्यासाठी मंदीत गिऱ्हाइकाच्या मनात काय चालते ते आधी पाहू.

बाजार तेजीत असतो तेव्हा घेणाऱ्याला धास्ती असते ती घर हातचे जाईल याची. त्या धास्तीपोटी तो भिंतीवरचा डाग, कुरकुरणारे दार, गळकी तोटी यांकडे काणाडोळा करतो. बाजार मंदावला की धास्ती बदलते. त्याच्यासमोर दहा घरे असतात, हाती भरपूर वेळ असतो आणि आपण फसवले तर जाणार नाही ना, हा एकच विचार त्याच्या मनात असतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन ही गोष्ट मांडली होती. वस्तूचे दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा वाईटातले वाईट गृहीत धरून किंमत कमी सांगतो आणि चांगल्या मोटारीच्या मालकालाही तिचे योग्य मोल मिळत नाही. पुढे 2001 मध्ये अ‍ॅकरलॉफ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. घराच्या बाबतीत हे सगळे अधिकच लागू पडते, कारण घराच्या भिंतींच्या आत काय आहे हे अर्ध्या तासाच्या भेटीत कोणालाच कळत नाही. जे दिसते त्यावरून माणूस न दिसणाऱ्याचा अंदाज बांधतो.

म्हणून सध्याच्या बाजारात घराची तयारी करायची म्हणजे त्याला नटवायचे नाही, तर पाहणाऱ्याच्या मनातल्या शंका एकेक करून दूर करायच्या. नवे स्वयंपाकघर ही तुमच्या आवडीची सजावट होईल; घेणाऱ्याची आवड वेगळी असली तर तो तेच तोडून पुन्हा बांधण्याचा खर्च तुमच्या किमतीतून वजा करील. याउलट टपकणाऱ्या तोटीचे वॉशर बदलणे, सिंकभोवतीचे काळे पडलेले सिलिकॉन खरवडून नवे भरणे, फरशीच्या सांध्यांतले ग्राउट स्वच्छ करणे, कपाटांच्या सैल बिजागऱ्या आवळणे आणि तुटलेली मूठ बदलणे यांना फारसे पैसे लागत नाहीत, पण ही कामे झाली की तेच जुने स्वयंपाकघर "काळजीपूर्वक वापरलेले" वाटू लागते. एका न लागणाऱ्या कडीवरून गिऱ्हाईक असा निष्कर्ष काढते की या लोकांनी पाण्याच्या टाकीकडे आणि विजेच्या तारांकडेही पाहिले नसणार. हा निष्कर्ष तुमच्यावर अन्याय करणारा असेल, पण तो काढला जातो एवढे खरे.

एखाद्या सकाळी वही घेऊन घराबाहेर जा आणि पाहुण्यासारखे आत या. फाटक, पायरी, घंटा, कुलूप, दाराचा रंग, पहिल्या खोलीतला उजेड, या क्रमाने जे खटकेल ते लिहा. मग तेच काम एखाद्या स्पष्टवक्त्या परिचिताला सांगा, कारण आपल्या घरातल्या खोडींना आपले डोळे सरावलेले असतात. वासाच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे आहे. कोणत्याही वासात काही मिनिटे राहिले की नाकाला तो जाणवेनासा होतो. बंद कपाटाचा, पाळीव प्राण्याचा, मोरीचा किंवा तंबाखूचा वास घरात असेल तर तो घरच्या माणसांना कधीच कळत नाही आणि येणाऱ्याला उंबऱ्यातच कळतो. वासावर सुगंधाचा फवारा मारून उपयोग नाही, उलट काहीतरी लपवले जात आहे असा संशय येतो. पडदे, गाद्या आणि पायपुसणी धुणे, मोरीची जाळी उचलून आतला गाळ काढणे आणि भेटीच्या आधी दोन तास खिडक्या उघड्या ठेवणे हाच मार्ग आहे.

आता त्या सात महिन्यांविषयी. बराच काळ विक्रीला असलेल्या घराविषयी गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारते की इतरांनी का घेतले नाही. घरात काही दोष नसला तरी दिवसांची ही मोजणीच दोष ठरते. शक्य असेल तर काही आठवडे विक्री थांबवा, वहीतली कामे पुरी करा, छायाचित्रे नव्याने काढा आणि किमतीचा फेरविचार करून मगच घर पुन्हा बाजारात आणा. कोणी विचारले तर घर आधीही विक्रीला होते हे लपवू नका. "मध्ये ही ही दुरुस्ती करून घेतली" हे उत्तर तुमच्या बाजूचेच आहे.

प्रश्न : आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीला ओल येते. मुलगा म्हणतो, विक्रीपुरता चांगला रंग लावून टाकू, पुढचे घेणारा पाहील. माझ्या मनाला हे पटत नाही, पण दुरुस्तीचा खर्चही झेपेल की नाही याची काळजी आहे.

उत्तर : आपल्या मनाला पटत नाही ते योग्यच आहे, आणि व्यवहार म्हणूनही रंग लावणे तोट्याचे आहे. ओल्या भिंतीवर लावलेला रंग काही आठवड्यांत फुगतो, त्याचे पोपडे सुटतात. मंदीत घर विकायला काही महिने लागणार हे धरले तर हा रंग नेमका गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत उतरेल. एकाच भिंतीला ताजा रंग आणि बाकीच्या तीन जुन्या, हे दिसताच जाणकार माणूस त्या भिंतीवर हात ठेवून पाहतो. शिवाय माहीत असलेला दोष जाणूनबुजून झाकून घर विकले तर नंतर त्याची भरपाई मागण्याचा हक्क अनेक देशांचे कायदे घेणाऱ्याला देतात.

खर्चाला घाबरण्याआधी ओल कोठून येते ते शोधा, कारण त्यावरच खर्च ठरतो. जमिनीतून चढणारी ओल साधारणपणे मीटरभर उंचीपर्यंत येते आणि तिच्या वरच्या कडेला क्षारांचा पांढरा थर, म्हणजे लोणा, दिसतो. पावसाचे पाणी बाहेरच्या भेगेतून येत असेल तर डाग पावसाळ्यात वाढतो आणि कोरड्या दिवसांत फिका पडतो. वर्षभर सारखाच राहणारा डाग, विशेषतः न्हाणीघराच्या लगतच्या भिंतीवरचा, बहुधा नळाच्या जोडाचा किंवा सांडपाण्याच्या नळीचा असतो. नळाची गळती तपासणे सोपे आहे : घरातल्या सर्व तोट्या बंद करा, पाण्याच्या मीटरवरचा आकडा लिहून ठेवा, दोन तास कोणी पाणी वापरू नका आणि आकडा पुन्हा पाहा. तो सरकला असेल तर पाणी कोठेतरी झिरपत आहे. मात्र सांडपाण्याच्या नळीची गळती मीटरवर दिसत नाही, हे लक्षात ठेवा.

चौथा प्रकार असा की ज्यात भिंतीत पाणी नसतेच. खोलीतली दमट हवा थंड भिंतीला लागून तिचे पाणी होते आणि कपाटामागे किंवा कोपऱ्यात काळी बुरशी धरते. हे ओळखायला प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. दव खोलीच्या बाजूला आले तर ते हवेतले आहे, आणि भिंतीच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येत आहे. दव खोलीच्या बाजूला आले असेल तर कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे, बुरशी पुसून काढणे आणि हवा खेळती ठेवणे एवढ्यावर काम भागते. मोठा खर्च समोर दिसत असताना ही साधी परीक्षा न करताच गिलावा फोडला जातो, याचे मला वाईट वाटते.

मूळ कारण दूर केल्यावर भिंत वाळू द्या. भिंतीच्या दर 25 मिलिमीटर जाडीला साधारण एक महिना असा ढोबळ हिशेब जाणकार धरतात; म्हणूनच हे काम घर विक्रीला काढण्याच्या बरेच आधी सुरू करायचे असते. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढावा, तो धुतला तर क्षार पुन्हा भिंतीत मुरतात. खराब गिलावा काढून नवा केला असेल तर तो पुरेसा वाळल्याशिवाय पुट्टी आणि प्रायमर लावू नये. दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे, कामाचे बिल आणि कारागिराने दिलेली हमी एका पाकिटात ठेवा आणि गिऱ्हाइकाने न विचारता दाखवा. जो विक्रेता आपल्या घराचा एक दोष स्वतःहून सांगतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास ठेवणे लोकांना सोपे जाते.

खर्च खरोखरच झेपणारा नसेल तर रंग लावू नका आणि काम अर्धवटही करू नका. दोन कारागिरांकडून लेखी अंदाजपत्रक घ्या, ते गिऱ्हाइकासमोर ठेवा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करायची तयारी ठेवा. अंदाजपत्रक नसेल तर घेणारा स्वतःच्या मनाने आकडा धरतो, आणि भीतीने धरलेला आकडा खऱ्या खर्चाहून मोठा असतो.

प्रश्न : आम्ही तेजीच्या काळात घर घेतले. आज त्याला तेवढीही किंमत मिळत नाही. घेतल्या किमतीच्या खाली विकायचे नाही असे आम्ही ठरवले आहे. सुरुवातीला चढी किंमत सांगून घासाघिशीत खाली यावे, हे बरोबर आहे ना?

उत्तर : यात दोन वेगळे प्रश्न गुंतले आहेत.

घेतल्या किमतीविषयी प्रथम. ही भावना सार्वत्रिक आहे आणि तिचा अभ्यासही झाला आहे. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातील 1990 च्या दशकातील सदनिकांचे व्यवहार तपासून 2001 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना तोट्यात विकावे लागणार होते त्या मालकांनी आपल्या किमती चढ्या ठेवल्या. घराची अपेक्षित किंमत आणि मूळ खरेदीची किंमत यांच्यात जो फरक होता, त्याच्या 25 ते 35 टक्के एवढी ही वाढ होती. त्यांना थोडी जास्त किंमत मिळालीही, पण त्या फरकाच्या केवळ 3 ते 18 टक्के, आणि त्यांची घरे विकली जाण्याचा वेग इतरांपेक्षा बराच कमी राहिला. म्हणजे अडून बसल्याने काहीच मिळत नाही असे नाही. जे मिळते ते वाट पाहण्याच्या खर्चातून वजा करून पाहिले पाहिजे. तुम्ही किती दिले होते याच्याशी घेणाऱ्याला कर्तव्य नसते.

हा वजाबाकीचा हिशेब कागदावर मांडा. समजा कर्जाचे व्याज, देखभाल, कर आणि विमा मिळून घराच्या किमतीच्या अर्धा टक्का दरमहा जातो आणि बाजार दरमहा आणखी अर्ध्या टक्क्याने उतरत आहे, तर वर्षभर थांबण्याची किंमत सुमारे 12 टक्के झाली. तुमचे आकडे वेगळे असतील, तेच घाला. त्याच बाजारात तुम्ही दुसरे घर घेणार असाल तर तेही उतरलेल्या भावात मिळेल, ही बाजूही हिशेबात धरा. मोठ्या घरात जाणाऱ्याला मंदीत पुष्कळदा लाभच होतो. दुसरीकडे, कर्ज फेडून झालेले असेल, घर भाड्याने देता येत असेल आणि पैशाची निकड नसेल तर न विकणे हाही शहाणपणाचा निर्णय असू शकतो. मात्र तो हिशेब करून घ्यावा, मन दुखावले म्हणून नव्हे.

आता चढ्या किमतीविषयी. सांगितलेली पहिली किंमत ऐकणाऱ्याच्या मनात ठाण मांडून बसते, हे खरे आहे. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच घराच्या वेगवेगळ्या किमती सांगितल्यावर विद्यार्थ्यांचेच नव्हे, तर व्यवसायातल्या अनुभवी मध्यस्थांचे अंदाजही त्या त्या बाजूला झुकले होते. पण हा परिणाम होण्यासाठी माणसाने घर पाहायला यावे लागते. आज गिऱ्हाईक घरे निवडते ते आपल्या कमाल रकमेची मर्यादा घालून. तुमची किंमत त्या मर्यादेच्या वर असली तर तुमचे घर त्याला दिसतच नाही, मग घासाघीस कोणाशी करणार? तेजीत चढी किंमत सांगून थांबले तर बाजार स्वतःच वर येऊन तुम्हाला गाठतो. मंदीत तो तुमच्यापासून दूर जात राहतो, आणि दर दोन महिन्यांनी थोडी थोडी किंमत उतरवणारा मालक प्रत्येक वेळी बाजाराच्या एक पाऊल मागेच राहतो.

आपल्या परिसरात गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या, आकाराने आणि वयाने आपल्यासारख्या घरांच्या नोंदलेल्या किमती मिळवा. जाहिरातीतल्या किमती जमेस धरू नका. त्या अजून विकल्या न गेलेल्या घरांच्या आहेत. घासाघिशीसाठी थोडी जागा ठेवून त्या आकड्याजवळची किंमत पहिल्याच दिवशी सांगा, कारण नव्याने बाजारात आलेल्या घराकडे सर्वांत जास्त लक्ष पहिल्या काही आठवड्यांतच जाते.

प्रश्न : माझे वय 68 आहे. यजमान गेल्यानंतर हे मोठे घर विकून मुलीजवळ लहान घरात जायचे ठरवले आहे. मध्यस्थ म्हणतात, भिंतीवरचे फोटो काढा, सामान अर्धे करा. चाळीस वर्षांचा संसार परक्यांसाठी का आवरायचा, असे वाटते.

उत्तर : ताई, परक्यांसाठी आवरू नका, आपण जाणारच आहात, तर निघण्याची बांधाबांध थोडी आधी सुरू करत आहात असे समजा. मुलीकडे जे न्यायचे ते आधी ठरवा आणि जपून बांधून ठेवा. भिंतीवरचे फोटो त्यात सर्वांत आधी जावेत. ते वाईट दिसतात म्हणून नव्हे, तर घर पाहायला आलेला माणूस त्या भिंतीवर स्वतःच्या कुटुंबाची कल्पना करू पाहतो आणि तुमचे फोटो असले की त्याला दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा संकोच वाटतो.

सामान अर्धे करण्याची घाई नको. ज्या वस्तूमुळे चालायची वाट अडते, खिडकी झाकली जाते किंवा कपाटाचे दार पूर्ण उघडत नाही, तेवढीच हलवली तरी पुष्कळ फरक पडतो. माळे आणि भिंतीतली कपाटे एक तृतीयांश रिकामी ठेवा. गिऱ्हाईक ती उघडून पाहते, आणि ती गच्च भरलेली दिसली तर या घरात जागा पुरत नाही असे त्याला वाटते. एक खोली मात्र शेवटपर्यंत आपल्या मनासारखी राहू द्या. विक्रीला महिने लागू शकतात आणि तोवर आपल्याला तेथे राहायचे आहे.

भेटीच्या वेळी दागिने, औषधे, बँकेची आणि मालकीची कागदपत्रे कुलपात ठेवा, आणि एकट्याने कोणाला घर दाखवू नका. घरातल्या आठवणी सांगण्याचा मोह होईल, पण लोकांना आपापसांत मोकळेपणाने बोलू द्यावे. ते फिरत असताना आपण शेजारी जाऊन बसलात तर उत्तम.

प्रश्न : आमचे घर वर्षभर बंद आहे आणि आम्ही दूर राहतो. रिकामे घर तसेच दाखवावे की थोडे सामान ठेवावे?

उत्तर : अगदी रिकामी खोली पुष्कळांना प्रत्यक्षापेक्षा लहान वाटते, कारण मापाला काहीच नसते. बैठकीच्या खोलीत दोन खुर्च्या आणि मेज, झोपण्याच्या खोलीत एक पलंग, एवढे पुरेसे आहे.

बंद घराचा मोठा शत्रू वास आहे. मोरी, बेसिन आणि शौचालयाच्या नळीच्या वाकणात थोडे पाणी साठून राहते आणि तेच गटारातली हवा आत येऊ देत नाही. घर बंद राहिले की हे पाणी आटते आणि दुर्गंधी सुटते. कोणाकडून तरी आठवड्यातून एकदा प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतून घ्या, खिडक्या उघडून घ्या, दारातली जुनी पत्रके उचलून घ्या. सर्व दिवे चालू आहेत का ते पाहा. एका खोलीत पिवळसर आणि पांढरा असा मिश्र उजेड नको, सगळीकडे 3000 केल्विनच्या आसपासचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे, सारख्या रंगाचे दिवे लावावेत. छायाचित्रे दिवसा, पडदे सरकवून, छातीच्या उंचीवरून आणि भिंतींच्या उभ्या कडा सरळ ठेवून काढावीत. खोली फुगवून दाखवणारी छायाचित्रे टाळावीत. प्रत्यक्षात खोली लहान निघाली की येणाऱ्याचा विरस होतो आणि घराच्या बाकीच्या चांगल्या गोष्टीही त्याच्या नजरेतून सुटतात.

प्रश्न : गिऱ्हाईक मिळाले, किंमत ठरली, पण कागदपत्रे जमवण्यात दोन महिने गेले आणि त्यांनी दुसरे घर घेतले. आता काय करावे?

उत्तर : नुकसान झाले याचे मला मनापासून वाईट वाटते. पुढचे गिऱ्हाईक येण्याआधी मालकीची साखळी सिद्ध करणारे दस्त, मंजूर नकाशा, कराच्या शेवटच्या पावत्या आणि कर्ज असेल तर बाकीचा लेखी आकडा हे सर्व एकत्र करा. वारसांची किंवा सहमालकांची नावे असतील तर त्या प्रत्येकाची लेखी संमती आताच घ्या. सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो. नकाशात नसलेले बांधकाम केले असेल तर वकिलाला आधी दाखवा, गिऱ्हाइकाच्या वकिलाने ते शोधून काढण्याची वाट पाहू नका. ज्यांनी दुसरे घर घेतले त्यांनाही एकदा फोन करून पाहावा. त्यांचा व्यवहार पूर्ण झाला नसेल तर आता तुमची कागदपत्रे तयार आहेत हे त्यांना कळलेले बरे.